वर गप्प झाले की चहा टाका

४ मार्च

भाऊजी,

नमस्कार नंतर, आधी जाब.

काल तुमची बस माझ्या डोक्यावरून गेली. डोक्यावरून म्हणजे खरोखरच, वरच्या नव्या रस्त्यावरून. निळा पट्टा मी ओळखते, आणि तुमच्या ड्रायव्हरचा हॉर्न तर झोपेतही ओळखीन, सर्दी झालेल्या बदकासारखा. म्हटलं, वळण घेऊन खाली येतील. उशा सकाळपासून उन्हात होत्या, चादरी बदललेल्या, चूल पेटवलेली. बस वर थांबली. तटाच्या पडक्या खिंडारातून माणसांचा गलका खाली आला, "इकडे बघ, अगं इकडे, दात दाखव." चहाला आधण येईस्तोवर गलका संपलासुद्धा. गेले सगळे.

तुमचे दादा गेले, तरी या पायथ्याच्या विश्रामघरावरून तुमची सहल न थांबता कधी गेली नव्हती. किल्ला दाखवणारा गेला, जेवू घालणारी आहे, असं तुम्हीच प्रवाशांना सांगत आलात. मग काल काय झालं? रद्द करायचं होतं तर आधी कळवायचं. बसभर माणसांचे बटाटे उकडून बसले होते. एकटी बाई किती बटाटे खाणार? शेजारच्या वनरक्षकाच्या बकऱ्या तेवढ्या माझ्यावर खूश आहेत.

काय ते सरळ लिहा. तुमची सरळ पत्रं मला आवडतात, क्वचितच येतात म्हणून.

तुमची वहिनी

१२ मार्च

वहिनी,

जाब पोचला. कान धरून उभा आहे असं समजा. कान मोठे आहेत, धरायला त्रास होत नाही.

झालं असं की, ओढ्यावरच्या पुलाचं काम निघालंय. जड गाडी नेऊ नका असा निरोप आला, तोही ऐन वेळी. ड्रायव्हर म्हणाला, वरूनच दाखवतो आणि निघतो. तुम्हाला कळवायला हवं होतं, ते राहिलं. बकऱ्यांना माझा नमस्कार सांगा. पूल झाला की पुढची बस तुमच्या दारातच.

पत्र वाचून दिवसभर जुनंच डोक्यात घोळत राहिलं. आठवतं तुम्हाला, मी दुसऱ्याच्या बसवर क्लीनर होतो ते? मागच्या दाराला लोंबकळायचं आणि प्रवाशांचं बोलणं ऐकायचं. कोण कुणावर रुसलंय, कुणाला उलटी होणार, कोण परत गेल्यावर सहलीला नावं ठेवणार, सगळं कळायचं. हाताशी भांडवल म्हणाल तर हे दोन कान. मग ती सेकंडहँड बस घेतली आणि दादाकडे आलो. तो म्हणाला, "तू माणसं आण, किल्ला मी दाखवतो." मी म्हटलं, "आणि जेवणखाण?" तो म्हणाला, "ते तुझी वहिनी बघेल." तेवढ्यात दाराआडून तुमचा आवाज आला, "वहिनीला विचारलं का कुणी?" आम्ही दोघं हसलो. विचारलं मात्र नाही.

पहिल्याच सहलीत पुढच्या बाकासाठी दोन बायका इतक्या भांडल्या की मी नियमच करून टाकला: रोज प्रत्येकानं एक रांग पुढे सरकायचं, पुढच्यांनी मागे जायचं. आजही चालतो तो. जुनं बंदर, चित्रांच्या गुहा, गरम पाण्याचे झरे, ओसाड राजधानी, धबधबा, आणि शेवटी तुमचा किल्ला. निघताना जो शेवटच्या बाकावर धक्के खातो, तो किल्ल्याला येताना पहिल्या खिडकीत असतो.

आणि मग दादाचा तो मागचा जिना. खडकात खोदलेला, अंधारा. "वर बघायचं नाही. पुढच्याच्या टाचा बघत चला." मोठमोठे लोक मुकाट टाचा बघत चढायचे. वरच्या दिंडीदरवाजातून वाकून निघायचं, मान वर करायची, आणि समोर तटाच्या पोटात अख्खं तळं. कुणाच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. दादासुद्धा तिथं काही बोलायचा नाही. एकदा विचारलं, बाकी ठिकाणी घसा कोरडा करतोस, इथंच तोंडाला कुलूप का? तर म्हणाला, "इथं माझं काम नाही."

असो. काळजी करू नका. घर उघडं ठेवा.

तुमचा भाऊजी

२० मार्च

भाऊजी,

पुलावरून रोज दूधवाल्याची गाडी जाते. काल तर दगडांनी भरलेला ट्रक गेला. तो तुमच्या बसपेक्षा हलका होता म्हणायचं असेल तर म्हणा. मी विचारत नाही. थाप मारताना तुम्ही नेहमी एक निरोप मध्ये घालता, "असा निरोप आला" म्हणून. कुणाचा ते कधीच लिहीत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय.

राहू दे. परवा एक जोडपं आपल्या गाडीनं आलं. वर गेले, फोटो काढले, उतरताना माझ्याकडे चहाला थांबले. मी विचारलं, "कसं वाटलं तळं?" मुलगी म्हणाली, "छान आहे. फोटोत होतं तसंच आहे." तसंच निघालं याचा तिला आनंद होता. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. पण माझं तरी काय, मी तर फोटोही पाहिलेले नाहीत तुमच्या बाकीच्या जागांचे.

म्हणून एक विचारते. बंदरावर समुद्राचा आवाज रात्रभर येतो म्हणतात, त्यात झोप लागते का? गुहेतल्या चित्रांत तो लाल बैल आहे, त्याचं तोंड डावीकडे की उजवीकडे? तुमच्या प्रवाशांत त्यावरून दरवेळी वाद होतात, माझ्या जेवणाच्या टेबलावर. आणि झऱ्याचं पाणी खरंच अंडं उकडण्याइतकं गरम असतं, की तीही एक थापच?

मी तुमचा देश ओळखते तो बुटांवरून. पायऱ्यांवर तांबडी माती सांडली की कळतं, कालचा मुक्काम राजधानीत होता. टॉवेलांना गंधकाचा वास आला की झरे. बंदराचं मीठ तर दोरीवरच्या मोज्यांतून झटकावं लागतं. एवढ्या वर्षांत इतकं झाडलंय की त्यातून एक छोटा देश उभा राहिला असता.

लाकडं यंदा ओली आहेत. चूल डोळ्यांत पाणी आणते.

वहिनी

२ एप्रिल

वहिनी,

बैलाचं तोंड डावीकडे. अंडं उकडतं, पण मऊ राहतं. समुद्राचा आवाज पहिल्या रात्री झोपू देत नाही, दुसऱ्या रात्री त्याच्याशिवाय झोप येत नाही.

आणि पुलाचं म्हणाल तर पूल ठणठणीत आहे.

खरं लिहितो. कंपनी आता ठकी बघते, हे तुम्हाला माहीत आहे. किती बघते ते मी कधी लिहिलं नाही. माझं टेबल तिनं खिडकीपाशी हलवलंय. खिडकीची जागा ही मानाची, असं मी जन्मभर प्रवाशांना सांगत आलो. ऑफिसात ती कुणाला देतात ते आता कळलं. ज्याला काम नाही, त्याला निदान बाहेर बघता यावं म्हणून देतात. टेलिफोन वाजतो, मी हात पुढे करतो, तोवर पलीकडे कुणीतरी उचललेला असतो.

सहलीचा नवा मार्ग तिनं आखला. किल्ल्याला वरच्या रस्त्यानं जायचं, फोटो काढायचे, निघायचं. खालचा मुक्काम रद्द. मला कळलं ते छापून आल्यावर. मग बोललो.

"दादाचा जिना काढून टाकलास?"

"बाबा, लोकांना चढण नको असते. गाडी थेट वर जाते आता."

"वरून तळं दिसतं का?"

"दिसतं की. सगळं एकदम दिसतं."

"दादा सगळं एकदम दाखवत नव्हता."

"काका होते तेव्हा वरचा रस्ता नव्हता, बाबा."

हिला वकिलीला घालायला हवी होती. मी म्हटलं, "बरं, काकूचं काय?"

"काकूला विचारलंत?"

"काय विचारायचं त्यात? माणसं आली नाहीत तर ती त्या घरात एकटी काय करेल? जाईल कुठे?"

"तेच विचारा ना."

आणि गेली मीटिंगला. उद्धट नाही हो, वहिनी. जाताना माझ्या कपातली साखर ढवळून गेली. पण माझ्या जिवाला लागलं. दादानं दवाखान्यात माझा हात धरून एकच गोष्ट सांगितली होती, "हिच्याकडे माणसं येत राहू दे." बाकी काही मागितलं नाही त्यानं. म्हणून एवढी वर्षं, बस अर्धी रिकामी असली तरी, वाकडी वाट करून तुमच्या दारात आणली. तेल जास्त जळायचं, ड्रायव्हर कुरकुरायचे. मी म्हणायचो, वहिनीच्या हातचं जेवण नाही तर सहल कसली?

तुम्ही बैलाबद्दल, झऱ्याबद्दल विचारता त्याचा अर्थ मला कळतो. घरात बोलायला कुणी उरलं नाही की माणूस असं काहीबाही विचारत बसतो. काळजी करू नका. मी ठरवलंय. जुन्या प्रवाशांचे पत्ते माझ्याकडे आहेत. त्यांना गोळा करतो, लहान गाडी भाड्यानं घेतो, महिन्यातून एकदा तुमच्याकडे घेऊन येतो. ठकीला कळायचं कारण नाही. तुम्ही फक्त चूल विझू देऊ नका.

तुमचा भाऊजी

९ एप्रिल

भाऊजी,

गाडी भाड्यानं घेऊ नका. जुन्या प्रवाशांना गोळा करू नका. त्यांच्याही गुडघ्यांचा विचार करा.

तुमचं पत्र मी ओसरीवर वाचलं, मग आत येऊन वाचलं, मग चुलीपुढे बसून हसत राहिले. वनरक्षकाची बायको बघायला आली की बाईला झालं काय.

तुम्हाला दवाखान्यात काय सांगितलं ते मला आज कळलं. मला काय सांगितलं ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही औषध आणायला खाली गेला होतात. मला म्हणाले, "धाकट्याची माणसं उपाशी जाऊ देऊ नकोस. त्याची सगळी सहल तुझ्या चुलीवर उभी आहे." म्हणून मी राहिले. बहीण किती वेळा बोलावून थकली, बंदरावर राहायला ये म्हणून. मी म्हटलं, छे, भाऊजींच्या धंद्याचं काय होईल? कंबर धरली तरी पाटा सोडला नाही. तुम्ही वाकडी वाट करून बस आणत होतात माझ्यासाठी, आणि मी त्या बसची वाट बघत होते तुमच्यासाठी. जाता जाता आपल्या दोघांना एका दाव्याला बांधून गेले तुमचे दादा, आणि दोघांनाही वाटलं की दावं आपल्याच हातात आहे.

मी थकले आहे, भाऊजी. वरच्या रस्त्यानं बस गेली त्या दिवशी आधी राग आला. मग संध्याकाळी उशा आत आणताना वाटलं, सुटले. त्या वाटण्याची लाज वाटली, म्हणून तुम्हाला एवढं झणझणीत पत्र लिहिलं.

आणि बैलाचं विचारलं ते एकटी पडले म्हणून नाही हो. मला तो बघायचाय. बंदर बघायचंय, झऱ्यात पाय सोडून बसायचंय. सगळा देश माझ्या पायरीवर बूट झटकून गेला, मी मात्र त्याची माती तेवढी झाडली. तुमची ठकी शहाणी आहे. तिनं सांगितलेलं विचारलं असतंत तर एक पत्र वाचलं असतं.

मला पुढच्या सहलीत जागा द्या. पाहुणी म्हणून नको, रीतसर. पहिल्या दिवशी शेवटच्या बाकावर, मग रोज एक रांग पुढे. कुणी माझ्यासाठी उठून जागा दिली तर मी उतरून जाईन.

अजून एक. ती सहल शेवटी किल्ल्याला येईल तर मागच्या जिन्यानं चढू दे. तळं मी पाहिलंय, पुढच्या दारानं, ह्यांना जेवायला हाक मारायला जाऊन. पण टाचा बघत बघत, वाकून, दिंडीतून, तसं कधीच नाही. सगळ्यांना दाखवलं त्यांनी. एकदा मलाही म्हणाले होते, "चल आज तू पण." मी म्हटलं, "भाजी लागेल. उद्या बघू."

वहिनी

१५ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र ठकीपुढे ठेवलं. तिनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "मी म्हटलं होतं" हे तीन शब्द गिळले. बापाची अब्रू ठेवली. मग स्वतःच म्हणाली, "मेमधली सहल जुन्या क्रमानं नेऊ. मी येते सोबत. जिन्यावर पुढे मी चालेन, काकू माझ्या टाचा बघेल."

मी म्हटलं, "आणि खाली उतरल्यावर जेवण? चूल सांभाळणारी तर बसमध्ये."

"बघू काहीतरी. पाव वगैरे बांधून घेऊ."

दादाच्या दारात माणसं पाव चघळणार? मी ऐकूनच उठलो. वहिनी, किल्ली वनरक्षकाकडे ठेवा. तुम्ही निघा, मी तुमच्या घरी येऊन राहतो. बस येईल तेव्हा चूल पेटलेली असेल. ऑफिसात माझी उणीव कुणाला भासणार नाही. टेलिफोन नेहमीसारखा पलीकडे उचलला जाईल.

सोबत घ्यायचं: एक उशी, मागच्या बाकावर मणका हलतो. आल्याच्या वड्या. जुने बूट, नवे चावतात. आणि शेजारच्या खिडकीतला जरा वेळानं गप्पा मारायला लागेल, त्याला डोळे मिटून उत्तर द्यायचं. आपोआप गप्प होतो.

भाऊजी

५ मे, चित्रांच्या गुहांजवळून

भाऊजी,

मागच्या बाकांवर दोन दिवस काढले. मणका अजून आहे. शेजारी एक निवृत्त नर्स आहेत, घोरतात, पण मनानं चांगल्या. डोळे मिटायचा उपाय त्यांनाच ठाऊक निघाला. मी बोलायला लागले की त्या मिटतात.

समुद्राचा आवाज पहिल्या रात्री झोपू देत नाही, हे खरं. पण मी झोपायचा प्रयत्नच केला नाही. बंदरावर दीपगृहाच्या वाटेला, बहिणीच्या घराजवळ एक खोली रिकामी आहे, खाली शिवणकामाचं दुकान. सहज वर जाऊन आले.

गुहेत गेले तेव्हा बैलापुढे उभी राहिले. तोंड उजवीकडे आहे. तुम्ही एवढ्या सहली नेल्यात, दरवेळी बाहेर बसून बसचं टायर बघत होतात का?

तुमचं कसं चाललंय? मिठाचा डबा खिडकीतला नव्हे, फळीवरचा. खिडकीतल्यात सोडा आहे.

वहिनी

११ मे

वहिनी,

सोड्याचं पत्र एक दिवस उशिरा मिळालं. वनरक्षकानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "फुगलंय जरा." भला माणूस आहे.

बैलाबद्दल माफी. खरंच टायर बघत होतो.

तुमच्या घरात आल्यापासून माझी झोप छान आहे आणि कमरेचा खुळखुळा झाला आहे. उशा उन्हात टाकायच्या, आत आणायच्या, पाणी भरायचं, लाकडं फोडायची. लाकडं कसली हो, स्पंज आहेत. धुरानं माझे डोळे असे लाल झालेत की आरशात तो बैलच दिसतो. तरी सकाळी उठून झाडू हातात घेतला की वाटतं, चला, आज काम आहे. किती दिवसांत वाटलं नव्हतं. परवा चौघे जण चुकून खाली उतरले, त्यांना चहा दिला. एक म्हणाला, "काका, तुमच्याकडे खोली मिळेल?" मी चटकन हो म्हणून गेलो. तुमच्या घरातली खोली मी देऊन टाकली, रागावू नका.

बस परवाच्या परवा दुपारी येणार. जेवण होईल, ते मी कसंही करीन. प्रश्न चहाचा आहे. तुम्ही सगळ्यांना उतरल्याबरोबर गरम चहा द्यायचात, ना आधी, ना नंतर. इथून वरचं काही दिसत नाही. माणसं केव्हा उतरणार हे तुम्हाला कळायचं कसं? दादा काही खूण करायचा का?

भाऊजी

१४ मे, धबधब्याजवळून

भाऊजी,

हे पत्र ड्रायव्हरच्या भावाच्या गाडीनं पुढे पाठवते, टपालाला वेळ नाही.

खूण वगैरे काही नाही. कान आहेत ना तुम्हाला? माणसं जिना चढताना बडबड करतात, ती खिंडारातून खाली ऐकू येते. बायका हसतात, कुणी धापा टाकतो, कुणी "अजून किती" विचारतो. मग अचानक सगळं बंद होतं. एकही आवाज येत नाही. समजायचं, दिंडीतून बाहेर आले. वर गप्प झाले की चहा टाका. उकळी येऊन मुरेपर्यंत ते खाली पोचतात. कधी चुकलं नाही.

माझ्यासाठी ते तळं म्हणजे हेच, भाऊजी. ऐकू न येणारं काहीतरी, आणि हातात चहाचा डबा.

आज मी दुसऱ्या रांगेत आहे. उद्या पहिल्या.

वहिनी

२ जून

वहिनी,

बंदरावरच्या खोलीचा पत्ता मिळाला. खालच्या शिवणाऱ्या बाईला सांगून पडदे करून घ्या, समुद्राकडचं ऊन चढतं.

त्या दिवशी तुम्ही लगेच बसमध्ये चढून गेलात, धड बोलणं झालं नाही. म्हणून जे विचारायचं राहिलं ते लिहितो. तुम्ही सांगितलंत तसं मी दारात कान लावून उभा होतो. बडबड आली. ठकीचा आवाज आला, "काकू, वर नको, टाचा बघ," आणि तुमचं उत्तर, "अगं, या सँडल कसल्या घातल्यास, टाच कुठे आहे?" सगळे हसले. मग गप्प. मी चहा टाकला. उकळी आली, मुरला. कुणी उतरेना. मी पुन्हा ठेवला. पुन्हा उकळला. म्हटलं, कुणाला काही झालं की काय? तुम्हाला चढण झेपली नाही की काय? ओल्या लाकडांचा धूर नुसता कोंदला होता, बाहेर येऊन खिंडाराकडे बघत राहिलो. वर चिटपाखरू बोलत नव्हतं. उतरलात तोवर चहाचा काढा झाला होता. तुम्ही घोट घेतलात, म्हणालात "कडू झालाय", आणि दुसरा कप मागितलात.

कशानं एवढा वेळ थांबलात? ठकीला विचारलं तर म्हणते, "काकू उभी होती म्हणून आम्ही सगळे उभे राहिलो. तिलाच विचारा." आता मी विचारायला शिकलोय, म्हणून विचारतो.

इकडची खबर. ठकीनं सहलीच्या कागदात एक ओळ वाढवली, "ज्यांना चालायचं त्यांच्यासाठी मागचा जिना." बाकीचे गाडीनं वर जाऊन दात दाखवतात. चालणारे मूठभरच असतात, पण तेवढ्यांना उतरल्यावर चहा लागतो. तुमची हरकत नसेल तर मी इथेच राहीन म्हणतो. खिडकीपाशी टेबल इथेही आहे, फक्त त्यावर भाजी चिरायची असते.

भाऊजी

१० जून

भाऊजी,

राहा. घर तुमच्या भावाचं आहे. मिठाचा डबा तेवढा पाहून घ्या.

तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते. ठकीलाही सांगितलं नाही.

वाकून बाहेर आले, मान वर केली. पाणी होतं, मोठं होतं, आभाळ पडलं होतं त्यात. सगळे सांगतात तसंच. मी म्हटलं, बरं, हे असं आहे तर. मग डाव्या अंगाला नजर गेली. तट तिथं ढासळलाय, ते खिंडार. पुढच्या दारानं गेलं की ते मागे पडतं, दिसत नाही. दिंडीतून मात्र समोरच येतं. त्या खिंडारातून धुराची एक रेघ वर येत होती. आधी कळेना, रान पेटलं की काय. मग कळलं. माझं धुराडं. तुमची ती स्पंजासारखी लाकडं.

किती वेळ उभी होते मला ठाऊक नाही. हे तिथं बोलत का नव्हते, ते कळत होतं. लोक पाण्याकडे बघायचे, तेव्हा ह्यांना या धुराकडे बघायला निवांत वेळ मिळायचा. मी खाली म्हणायची, वर गप्प झाले, चहा टाकावा. चहा टाकला की चुलीत लाकूड सारायची. धूर दाटला की ते वर म्हणत असतील, हिनं चहा टाकला, चला उतरू. म्हणून कधी चुकलं नाही. आम्ही दोघं दर सहलीला एकमेकांशी एवढं बोलत होतो, आणि मला वाटत होतं, हा माणूस डोंगरावर गेला की घर विसरतो.

त्या दिवशी धूर दाटला तरी मी हलले नाही. जरा वेळ त्यांच्या जागी उभी राहिले, खाली कुणीतरी चहा टाकलाय एवढं बघत. मागचे बिचारे ताटकळले, तुमचा चहा कडू झाला. तसा मला तो आवडला.

इथे दुसरी रात्र केव्हाच झाली. आता आवाजाशिवाय झोप येत नाही.

पुढच्या वर्षी येईन, जिना चढायला. गुडघ्यांनी साथ दिली तर त्याच्याही पुढच्या. तोवर लाकडं आडोशाला रचून ठेवा, डोळे जातील नाहीतर. पण अगदी खडखडीत वाळवू नका. वरून दिसलं पाहिजे.

वहिनी